टोपलीकाकांच्या पाटल्या

वसईतल्या आमच्या इमारतीत नवीन राहायला आलेल्या प्रत्येकाला टोपलीकाका पहिल्या आठवड्यातच जिन्यात गाठायचे आणि विचारायचे, "टोपली घेतली का?" पाण्याचा टँकर कधी येतो, लिफ्ट कधी बंद असते, कचऱ्याचा डबा कुठे ठेवायचा, हे सगळं नंतर. दुसऱ्या मजल्यावर नुकतंच लग्न झालेला सागर राहायला आला, तेव्हा त्याने तर काकांना भाजीवालेच समजून पिशवी पुढे केली. म्हणाला, "केळी असतील तर द्या अर्धा डझन." काकांना राग आला नाही. "केळीपण मिळतील, आमच्या गावी, वटारला, भावाची वाडी आहे," ते म्हणाले, "पण मी म्हणतो ती टोपली मोबाईलवर येते." बिचारा सागर त्यानंतर बराच वेळ रिकामी पिशवी धरून जिन्यात उभा होता. मी वरून बघत होते, पण त्याला सोडवायला गेले नाही. एकदा मीही अशीच अडकले होते.

टोपली म्हणजे ईटीएफ. हा शब्द काकांना उच्चारता येत नव्हता असं नाही, मुंबईच्या सरकारी कचेरीत हिशेबखात्यात जन्म गेला होता त्यांचा. पण ते म्हणायचे, "तीन अक्षरं ऐकली की माणूस घाबरतो, टोपली म्हटलं की हात पुढे करतो." एखादी फंड कंपनी देशातल्या मोठमोठ्या कंपन्यांचे शेअर एकत्र बांधते आणि त्या गाठोड्याचे सारखे वाटे करते. मग त्यातला एक नग तुम्हाआम्हाला बाजारातून, शेअरसारखाच, विकत घेता येतो. हे मला काकांनी वटारच्या भाषेत समजावलं होतं. त्यांचे वडील वाडीतली केळी आणि भाजी टोपलीने विकत. "गिऱ्हाईक एकेक केळं दाबून बघतं आणि घरी जाऊन तेच नासकं निघतं. व्यापारी दाबत नाही. तो टोपली उचलतो. दोन नासली तरी बाकीची तारतात."

पण टोपलीही कुठलीही चालायची नाही त्यांना. मोठ्या, जुन्या, नावाजलेल्या फंड कंपनीचीच हवी. कोणी जरा वेगळं नाव घेतलं की काकांचा चेहरा आंबट व्हायचा. "घेताना कोणीही देईल हो. विकायला बसाल तेव्हा समोर कोणी आहे का, ते बघा. लहान टोपलीला गिऱ्हाईक नसतं." आणि मग त्यांचं ठेवणीतलं वाक्य यायचं, "वरचं फळ बघू नका. टोपली उचला आणि बूड बघा." हे वाक्य ते टोपलीपुरतं ठेवत नसत. सोसायटीने रंगाचा कंत्राटदार निवडला तेव्हा, मेघाला, म्हणजे त्यांच्या मुलीला, स्थळं येत होती तेव्हा, एवढंच काय, चर्चजवळच्या रिक्षास्टँडवर रिक्षा पकडतानाही ते खाली वाकून बघत आणि म्हणत, बूड बघा.

मी शाळेतली मास्तरीण. सगळा जन्म दुसऱ्यांच्या मुलांना भागाकार शिकवला आणि निवृत्त झाल्यावर उरलं काय, तर गुडघे. घरी मी एकटी. हल्ली मला कुठल्याच नव्या गोष्टीचा उत्साह येत नाही. टँकर आला तर बादली लावायची, नाही आला तर नाही, इतपतच माझं जगणं. अशा बाईला काकांनी डिमॅट खातं काढायला लावलं, यावरून त्यांची चिकाटी कळावी. दर महिन्याला एक नग घ्यायचा आणि विसरून जायचं, असं ठरलं होतं. पण मला विसरता येईना. एकदा बाजार असा कोसळला की मी चपला न घालताच त्यांच्या दारात गेले. काका वालाची आमटी भुरकत होते. मोबाईल त्यांनी उशीखाली घातला होता. "बाई, पाऊस पडत असताना कोणी कपडे वाळलेत का बघत नाही," म्हणाले. "बसा, जेवा."

आमटी वाढायला काकी आल्या. त्या मला म्हणाल्या, "त्यांचं काय ऐकता? रात्रभर जागे होते. तीनदा पानी प्यायला उठले."

काकी चांदीप गावच्या. बोलणं अजून तिकडचंच, 'ण' त्यांच्या जिभेवर कधी आलाच नाही. अंगाने थोराड, आणि हात तर असे की बघत राहावं. लग्नाआधी भाताच्या लावणीत राबलेले, रुंद पंजाचे, जाड मनगटांचे. कासाराला त्यांच्यासाठी अडीचच्या बांगड्या मुद्दाम वरच्या फळीवरून काढाव्या लागायच्या. लग्नात वडिलांनी त्यांना सोन्याच्या पाटल्या घातल्या होत्या, कडेने भाताच्या लोंबीची नक्षी असलेल्या. ती नक्षी काकींनीच सोनाराला सांगितली होती. शेजारच्या इमारतीत चोरी झाली तेव्हापासून त्या पाटल्या कधी तांदळाच्या डब्यात, कधी गादीच्या खोळीत फिरू लागल्या. काकी माहेरी निघाल्या की आधी पाटल्या हातात घालायच्या, मग काढायच्या, परत घालायच्या, आणि गाडी चुकायची.

काकांनी यावर तोडगा काढला. सोन्याचीही टोपली असते. कंपनी सोनं तिजोरीत ठेवते आणि आपल्या नावावर नग जमा करते. घडणावळ नाही, घट नाही, लॉकरचं भाडं नाही. "सोनं तेच राहतं," काका म्हणाले, "फक्त चोराला दिसत नाही." कागदावर काका बरोबरच होते. तरी पाटल्या विकायला काढल्या तेव्हा काकींनी त्या एकदा शेवटच्या हातात घातल्या, आणि त्या दिवशी त्या निघेनात. साबण लावला, खोबरेल लावलं, शेवटी हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून ओढल्या. मनगट लालबुंद झालं होतं. काकी रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "चोराला दिसत नाय ते बरं. पन मलापन दिसत नाय." काकांनी तिथेच शब्द दिला की मेघाच्या लग्नात याच सोन्याच्या पुन्हा पाटल्या करू, अगदी याच नक्षीच्या.

मेघाचं लग्न झालं तेव्हा सोन्याचा भाव चढत होता. आणि चढत्या भावात विकणं काकांना जमत नव्हतं. पुढे तो उतरला, तेव्हा पडत्या भावात विकणं जमत नव्हतं. लग्नात काकी एक ग्रॅमच्या पाटल्या घालून वावरल्या. लांबून अगदी खऱ्या दिसत होत्या. जवळ आलेल्या बायकांपासून त्या पदर सावरत हात झाकत होत्या, हे माझ्या लक्षात आलं. मी रागाने काकांना टोचलं तर ते म्हणाले, "अहो बाई, आहेत ना त्या. कुठे गेल्यात? उलट वाढल्यात." मी जिलेबी घेतली.

तेव्हापासून त्यांच्या घरी संध्याकाळचा एक पाठ सुरू झाला. दिवेलागण झाली की काकी म्हणायच्या, "दाखवा माझ्या पाटल्या." काका चष्मा लावून मोबाईल उघडायचे आणि आकडा त्यांच्यापुढे धरायचे. भाव चढलेला असला की आकडा हिरवा, उतरलेला असला की लाल. काकींना बाकी काही वाचायचं नसे. "हिरव्या हायत का?" त्या विचारायच्या. काका मोठ्या अभिमानाने म्हणायचे, "हिरव्यागार." मग काकी हातातल्या काचेच्या बांगड्या वाजवून दाखवत. "म्हंजे काचेच्याच की! त्या तर कासाराकडं मिळतात." हा विनोद रोज व्हायचा, आणि रोज दोघं हसायची. मला मात्र पुढेपुढे त्या हसण्याचा थकवा यायला लागला. थट्टेत गुंडाळून रोज तेच मागणं चाललं होतं, आणि रोज ते हसण्यावारी जात होतं.

काका कंजूष नव्हते हं, हे सांगायलाच हवं. एका दिवाळीला लक्ष्मीपूजनाला त्यांनी पाटावर दागिन्यांच्या जागी मोबाईल ठेवला आणि हळदकुंकू वाहिलं. कुंकू चार्जिंगच्या भोकात गेलं. ऐन दिवाळीत माणिकपूरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्या पोरापुढे काका फोन घेऊन उभे, आणि तो टाचणीने कुंकू कोरतोय. "लक्ष्मी आतच अडकली," काकी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या. दुरुस्ती झाल्यावर काकांनी त्या पोराला बक्षीस दिलं आणि त्याला टोपलीही समजावून आले. पैसा सोडायला त्यांचा हात आखडत नसे. त्यांना फक्त वेळ ठरवता येत नव्हती. विकायची वेळ अजून आली नाहीये, असं त्यांना कायम वाटायचं.

मग काकींच्या पोटाचं दुखणं निघालं. आधी पित्त म्हणून काढलं, मग मोठ्या इस्पितळाच्या खेपा सुरू झाल्या. त्या दिवसांबद्दल फार लिहायचं बळ माझ्यात नाही. ज्यांनी ते केलंय त्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांच्या नशिबी ते आलं नाही त्यांनी सुखात राहावं. फायली, रांगा, लिफ्टपाशी थांबणं, डब्यातलं गार झालेलं जेवण. मेघा पुण्याहून येऊन जाऊन होती. काकांनी आपल्या सगळ्या टोपल्या एकामागून एक विकल्या. भाव काय आहे हे बघितलंसुद्धा नाही. हिरवा असो, लाल असो, विकून टाकलं. ज्या माणसाने मला बाजार कोसळल्यावर आमटी वाढली होती, तो इस्पितळाच्या बाकावर बसून अंगठ्याने बटणं दाबत होता. सोन्याची टोपली तेवढी त्यांनी शिल्लक ठेवली. मी विचारलं तर म्हणाले, "ती माझी नाही, तिची आहे."

एक दिवस डॉक्टरांनी सांगितलं की आता घरी न्या. या वाक्याचा अर्थ वसईत काय आणि कुठे काय, एकच असतो. काकी घरी आल्या. खिडकीपाशी पलंग लावला. संध्याकाळ झाली, दिवा लागला, पण त्यांनी पाटल्या दाखवा म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काका चष्मा लावून, मोबाईल हातात धरून वाट बघत बसलेले मी पाहिले. तिसऱ्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले. दारातच म्हणाले, "बाई, ती मागत नाय आता." हिशेबखात्यातली सगळी भाषा गळून पडली होती. "मी विकतो. उद्याच विकतो. हातात घालतो तिच्या."

विकणं सोपं होतं, मोठ्या कंपनीची टोपली, गिऱ्हाईक क्षणात मिळालं. पण मध्ये सणाची सुट्टी आली आणि पैसे खात्यात यायला वेळ लागला. त्या दिवसांत काका घरात येरझाऱ्या घालत होते. आम्ही शेजारच्या दोघीतिघींनी पाळ्या लावून काकींपाशी बसायचं ठरवलं होतं, त्यामुळे मी रोज तिथे असे. त्या झोपेत असल्या की काका हळूच विचारत, "पोचतील ना वेळेत?" मी हो म्हणत असे. शाळेत नापास होणाऱ्या मुलांच्या आयांना मी जसं हो म्हणायचे, तसंच.

अखेर पाटल्या झाल्या. माणिकपूरच्या सोनाराने रात्रंदिवस बसून केल्या, लोंबीची नक्षीही तशीच काढली. काका डबी घेऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला मेघाच्या लग्नातले काका आठवले. स्वयंपाकघरात मला हलक्या आवाजात सांगू लागले, "सोनार म्हणतो, मापाला घरून एखादी बांगडी आणलीत का? मी म्हटलं, बांगडी कशाला? माप मला तोंडपाठ आहे. अडीच!" माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. पण तोपर्यंत ते पलंगापाशी पोचले होते.

त्यांनी काकींचा हात उचलला आणि पाटली चढवली. ना साबण लागला, ना खोबरेल. पाटली मनगटावरून सरकली, कोपरावरून वर गेली, आणि काकींनी हात खाली घेतला तशी सगळ्या हातावरून घसरत येऊन चादरीवर पडली. तिथून फरशीवर. घरंगळत ती टीव्हीच्या टेबलाखाली जाऊन थांबली.

काकींनी आपला हात डोळ्यांपुढे धरला. जणू त्यांनीही तो बऱ्याच दिवसांनी बघितला होता. मग त्या हसल्या. अगदी पूर्वीसारख्या. "अहो," त्या म्हणाल्या, "कोनाच्या हाताचं माप दिलंत?"

रोज तो हात धरून काका त्यांना उठवत होते, पाणी पाजत होते, इस्पितळाच्या पायऱ्या चढवत होते. तरी त्यांच्या डोक्यात तो अडीचचाच होता. ते फरशीवर बसले आणि टेबलाखालून पाटली काढता काढता रडू लागले. मग एकदम उठून म्हणाले, आत्ता सोनाराकडे जातो, कापून लहान करून आणतो. काकींनी मान हलवली. "कापू नका. लोंबी तुटल." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, कासाराकडून हिरव्या बांगड्या आनाल? लहान आना. सव्वादोनच्या."

सव्वादोन म्हणजे कॉलेजातल्या मुलीचं माप. मी कासाराच्या दुकानात ते माप सांगितलं तेव्हा तो सहज म्हणाला, नात आली वाटतं. मी हो म्हटलं. घरी येऊन मी आधी काकींच्या एका हातात दोन्ही पाटल्या चढवल्या आणि त्यांच्या पुढे, पंजाच्या बाजूला, हिरव्या बांगड्या भरल्या. मोठं काकण गळू नये म्हणून बायका पुढे घट्ट बांगडी घालतात, ही काही नवी युक्ती नाही, आमच्या आयाही करत. काकींनी हात थोडा हलवून बघितला. पाटल्या घरंगळल्या, काचेला टेकल्या आणि थांबल्या. काकींनी तो हात काकांपुढे धरला, ते मोबाईल धरत तसा. "बघा," त्या म्हणाल्या. "हिरव्यात आलं तुमचं सोनं."

त्या हसण्याने मात्र मला थकवा आला नाही. असं काही ऐकायला मिळालं की वाटतं, जगणं अगदीच फुकट जात नाही.

पाटल्या काकींच्या हातात आठवडाभरही राहिल्या नाहीत. शेवटची तयारी करताना बायकांनी मला सांगितलं, पाटल्या तुम्हीच काढा. सवाष्ण गेली होती, हिरवा चुडा तिच्याबरोबर जायचा होता. बांगड्या उतरवून पाटल्या काढायच्या आणि बांगड्या पुन्हा भरायच्या, असं मी मनाशी ठरवून बसले. पण मी नुसता हात उचलला, पंजा खाली झुकला आणि पाटल्या काचेवरून अलगद घसरून माझ्या ओंजळीत आल्या. एकही बांगडी वाढवावी लागली नाही. मी त्या काकांना दिल्या. त्यांनी त्या खिशात घातल्या आणि वरून हात दाबून धरला. दिवसभर तो हात तिथून हलला नाही.

पुढे काकांनी कोणालाच टोपलीचं विचारलं नाही. बाजार वर गेला, खाली आला. मोबाईल चार्ज न करता पडून असायचा. मेघा त्यांना पुण्याला न्यायला आली तेव्हा त्यांनी खळखळ केली नाही. पाटल्या आता मेघाच्या हातात होत्या. तिचा हात आईवर गेलाय, रुंद. तिला त्या अगदी बेतल्यासारख्या बसल्या होत्या.

निघायच्या दिवशी लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद होती. सामान सागरने खाली आणलं. चांगला मुलगा आहे. बॅगा गाडीत ठेवून झाल्या, मेघा आत बसली, आणि सागर काकांपाशी घुटमळू लागला. "काका, ते टोपलीचं राहिलंच. मी पैसे साठवलेत थोडे. बायको म्हणते सोन्याची घे. कुठल्या कंपनीची घेऊ?"

मला वाटलं आता बूड बघा म्हणतील. काका म्हणाले, "सांगतो. आधी तू सांग, बायकोच्या हाताचं माप काय?"

सागर गोंधळला. "माप म्हणजे, बांगडीचं? माहीत नाही. तिला विचारतो ना," असं म्हणत त्याने मोबाईल काढला.

काकांनी तो मोबाईल आपल्या हाताने त्याच्या खिशात परत घातला. "विचारू नको. वर जा आन हात धरून बघून ये."

सागरने माझ्याकडे पाहिलं. मी काही मदत केली नाही, याही वेळी. मग तो वळला आणि जिना चढू लागला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, मेघाने काच खाली करून "बाबा, उशीर होतोय" म्हटलं. काका गाडीला पाठ टेकून, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे बघत तसेच उभे राहिले.